हात बाहेर

साळवेकाकांच्या हातातला चहाचा ग्लास पाहून नवीन माणूस दचकायचा. टपरीवरचा उकळता चहा, साधा काचेचा ग्लास, आणि काका तो अख्ख्या मुठीत धरून निवांत उभे. आम्ही बाकीचे काठाला दोन बोटं लावून, फुंकर मारत, हात बदलत प्यायचो. "भाजत नाही का काका?" असं कोणी विचारलं की ते आधी ग्लासकडे बघायचे, मग बोटांकडे.

"भाजत असंल," म्हणायचे. "बोटं सांगत नायत."

आमची गाठ पडली ती फिटनेस ट्रेनरच्या कोर्सला. सातपूरला टायरच्या एका दुकानावर मोठा हॉल होता. अर्ध्या हॉलमध्ये फळा आणि खुर्च्या, अर्ध्यात व्यायामाची मशिनं. खालून रबराचा वास वर यायचा आणि दुपारी तो घामाच्या वासात मिसळायचा. मी तिथे का गेलो होतो हे मला विचारलं असतं तर नीट सांगता आलं नसतं. पोलीस भरतीत कधी ग्राउंड निघालं तर लेखी जायची, लेखी निघाली तर ग्राउंड जायचं. असं करता करता वय निघून गेलं. सिन्नरला घरी आई बोलायची ते ऐकू यायचं, पण आत कुठे पोचायचं नाही. रागही येत नव्हता आणि लाजही वाटत नव्हती. धावता येतं, जोर काढता येतात, मग हेच करू, इतकाच विचार करून मी सातपूरला खोली घेतली आणि नाव घातलं.

पहिल्या दिवशी निकम सरांनी सगळ्यांना उभं करून ओळख करून द्यायला लावली. पोरं बिनबाह्यांचे बनियन घालून आली होती. कोणाला बॉडीबिल्डर व्हायचं होतं, कोणाला स्वतःची जिम काढायची होती, एकाला तर सिनेमातल्या हिरोंना तयार करायचं होतं. मग शेवटच्या रांगेतून एक माणूस उठला. पन्नाशी ओलांडलेला, काटक, पूर्ण बाह्यांचा शर्ट पँटीत खोचलेला, पायात कंपनीतले जाडजूड सेफ्टी शूज.

"मी पावर प्रेसवर होतो," ते इतक्या मोठ्यांदा म्हणाले की पुढची पोरं वळली. प्रेसच्या आवाजात उभं आयुष्य गेल्यामुळे त्यांना हळू बोलताच येत नसे. "कंपनी बंद पडली. आता ह्या वयाला मशिनवर कोण घेत नाय. घरचे म्हणतात वाचमन व्हा. वाचमनला खुर्ची देतात. मला खुर्ची नको. माणूस बसला की गंजतो."

आणि एवढं बोलून ते खुर्चीत बसले. वर्ग हसला. त्यांच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला, मग तेही हसले.

त्यांच्या कॉलनीत एक छोटी जिम होती. तिच्या मालकाने त्यांना शब्द दिला होता, की काका, सर्टिफिकेट आणा आणि सकाळची बॅच तुमची. ही सकाळची बॅच म्हणजे कॉलनीतली रिटायर माणसं. कोणाचा गुडघा, कोणाची कंबर, कोणाची साखर. तरुण ट्रेनर त्यांना कंटाळायचे. काकांना ती बॅच हवी होती. सर्टिफिकेट मिळालं तर बॅच, नाही तर गेटावरची खुर्ची, असा त्यांचा हिशेब सरळ होता आणि तो सगळ्या वर्गाला पाठ होता.

मला त्यांनी दुसऱ्याच दिवशी 'पोलीस' म्हणायला सुरुवात केली. दुसऱ्या कोणी म्हटलं असतं तर ती थट्टा झाली असती. त्यांची हाक मात्र अशी यायची की समोरचा खरोखरच ड्युटीवर आहे असं वाटावं. "काय पोलीस, झोप झाली का?" मी मान हलवायचो. ते माझ्याकडून उत्तराची अपेक्षा करत नसत, आणि मला त्यांच्याजवळ बसावंसं वाटायचं ते बहुधा त्यामुळेच.

काकांनी कंपनी सोडली होती, पण कंपनीने काही काकांना सोडलं नव्हतं. कंपनीतल्या सकाळच्या चहाची वेळ झाली की ते आपोआप उठून उभे राहायचे, मग सर फळ्यावर काहीही काढत असोत. व्यायामाच्या मोजणीला आम्ही 'रेप्स' म्हणायचो, ते 'नग' म्हणायचे. "आज छातीचे पंधरा नग काढले." सेट म्हणजे त्यांच्या भाषेत लॉट. एखादा पोरगा पाठ वाकडी करून वजन उचलायला लागला की ते लांबून ओरडायचे, "ए, तो नग रिजेक्ट!" महिन्याभरात सगळा वर्ग तसंच बोलायला लागला. निकम सर सुद्धा एकदा फळ्याशी उभं राहून "तीन लॉट करा" म्हणून गेले आणि मग स्वतःच डोक्याला हात लावला.

थिअरीला स्नायूंची इंग्रजी नावं पाठ करावी लागत. तिथे सगळेच गार पडायचे. काकांनी ती नावं स्वतःच्या दुखण्यांवरून बसवली. "ट्रॅपेझियस म्हंजी सेकंड शिफ्टला दुखतो तो. मानंपासनं खांद्यापर्यंत. पेडल मारून मारून भरतो तो सोलियस, पोटरीच्या आतला. आन हा कमरेचा, ह्यो तर माझा जुना दोस्त." असं एकेक दुखणं दाखवत त्यांनी अख्खं अंग संपवलं. परीक्षेला थिअरीत ते वर्गात पहिले आले. मराठीत लिहिलं होतं, नावं तेवढी इंग्रजीत, आणि एकही चुकलं नव्हतं.

नाडीच्या तासाला मात्र पंचाईत झाली. ट्रेनरला समोरच्याची नाडी मोजता आली पाहिजे. काकांनी माझ्या मनगटावर बोटं ठेवली. दाबली, सरकवली, पुन्हा दाबली. मग माझ्याकडे गंभीरपणे बघून सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं म्हणाले, "सर, पोलिसाला नाडीच नाय."

हॉल हसून लोटपोट झाला. मलाही हसू आलं, आणि बऱ्याच दिवसांनी आलं हे माझ्या लक्षात आलं. प्रेसच्या हादऱ्यांनी काकांच्या बोटांची टोकं केव्हाच बधिर झाली होती. पण ते हटले नाहीत. चार दिवस ते प्रत्येकाच्या गळ्याकडे टक लावून बघत बसायचे. पाचव्या दिवशी सरांना म्हणाले, "मानेवर उडती की! डोळ्यांनी मोजतो." आणि मोजली. सरांनी घड्याळ लावून ताडून पाहिलं, बरोबर होती.

सगळं असं मार्गी लागत होतं. अडलं ते एकाच ठिकाणी.

बेंच प्रेस हा व्यायाम ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. बाकावर उताणं झोपायचं आणि वजन लावलेला लोखंडी बार छातीपर्यंत खाली आणून वर ढकलायचा. दम संपला तर बार छातीवर पडतो. म्हणून झोपलेल्याच्या डोक्याशी एक जण उभा राहतो. त्याला स्पॉटर म्हणतात. बार खाली यायला लागला की त्याने आपले हात बाराखाली न्यायचे, पण लावायचे नाहीत. गरज पडली तरच धरायचं. ट्रेनरच्या कामातलं हे मुळाक्षर. हे ज्याला जमत नाही त्याच्या हाती माणूस देता येत नाही.

पहिल्यांदा काका माझ्या डोक्याशी उभे राहिले. मी बार खाली आणायला लागलो. आणि वरून आवाज आला, "हात बाहेर!"

मी बघितलं तर त्यांचे दोन्ही हात खांद्यांच्या वर, तळवे पुढे. बाराखाली हात नव्हतेच.

"अरे काका यार," निकम सर धावत आले. "बाहेर नाही, आत! आत!"

"हां, आत," काका म्हणाले. पुन्हा केलं. बार खाली आला, हात वर गेले. "हात बाहेर!" पोरं हसत होती. तिसऱ्या वेळी पोरं हसायची थांबली, कारण काकांच्या कपाळावर घाम आला होता.

त्या दिवशी चहाच्या टपरीवर उकडलेलं अंडं सोलता सोलता त्यांनी मला उत्तमची गोष्ट सांगितली. उत्तम इगतपुरीकडचा, भाताची शेती भावाकडे टाकून कंपनीत आलेला, काकांचा हेल्पर. प्रेसमध्ये पत्रा ठेवायचा, पेडल दाबायचं, वरून दट्ट्या आदळतो, नग तयार होतो. पत्रा ठेवायचं आणि नग काढायचं काम उत्तमचं. एके दिवशी नग अडकला म्हणून त्याने हात परत आत घातला.

"पेडल माझं होतं," काका म्हणाले. अंड्याचं साल त्यांनी कागदावर एका बाजूला गोळा केलं. "चार बोटं गेली. नंतर त्याला हापिसात बसवला, मग गावी गेला. डाव्या हातानं जेवतो आता. माझ्यावर राग नाय त्याचा. मुलीच्या लग्नाला बोलावलं होतं, मी गेलो पन होतो."

त्यानंतर प्रत्येक वेळी पेडल दाबण्याआधी काका "हात बाहेर!" असं ओरडायला लागले. कंपनीचा तसा काही नियम नव्हता. त्यांच्या हाकेला समोरच्याने दोन्ही हात वर करून दाखवायचे, काकाही आपले वर करायचे, मगच पेडलवर पाय ठेवायचे. हळूहळू सगळी लाईन तसं करायला लागली. हे सगळं त्यांनी एखाद्याने एसटीचं वेळापत्रक सांगावं अशा आवाजात सांगितलं. मग अंड्याला मीठ लावून अर्धं मला दिलं. मी ते खाल्लं.

सवय मोडायची मोहीम मग सगळ्यांनीच हाती घेतली. सरांनी त्यांचे हात टॉवेलने बाराला बांधून पाहिले. कोणीतरी त्यांच्या कानात कापूस घालायला सुचवलं. काका रोज सगळ्यांच्या आधी यायचे, मशिनं फडक्याने पुसायचे, कप्प्यांना तेल द्यायचे आणि रिकाम्या बाराखाली हात धरून उभे राहायचे. एका रविवारी ते मला घरी जेवायला घेऊन गेले. दोन खोल्यांचं स्वच्छ घर, भिंतीला निळा रंग. सुमनकाकूंनी वांग्याचं भरीत आणि बाजरीची भाकरी केली होती. जेवणं झाल्यावर काकू हात पुसत म्हणाल्या, "चला, झोपते."

मला वाटलं दुपारची झोप. तर त्या पलंगावर उताण्या झोपल्या आणि हातात फरशी पुसायच्या मॉपची दांडी घेतली. काका उशाशी उभे राहिले. काकूंनी दांडी छातीकडे आणली आणि काकांचे हात सावकाश तिच्याखाली आले.

"पाहिलं का?" काकू झोपल्या झोपल्या मला म्हणाल्या. "रोज वीस डाव करते. ह्यांचं सर्टिफिकेट होईपर्यंत माझीच बॉडी व्हायची."

काका खूश होते. त्यांच्या ओठांवर काहीतरी हलत होतं. मी कान दिला तर ते स्वतःशी पुटपुटत होते, "हात आत, हात आत." इतकं हळू बोलताना मी त्यांना पहिल्यांदा ऐकलं.

परीक्षेपर्यंत ते जमलं. खरोखर जमलं. आदल्या आठवड्यात त्यांनी मला, वर्गातल्या दोन जाड पोरांना आणि खुद्द निकम सरांना स्पॉट केलं आणि एकदाही हात वर गेले नाहीत. सरांनी पेढे आणले होते.

परीक्षा घ्यायला बाहेरून एक मॅडम आल्या होत्या. बोलायला शांत, नजरेने कडक. काकांचा 'क्लायंट' मीच होतो. त्यांनी माझी नाडी मानेकडे बघून मोजली. मॅडमनी भुवया उंचावल्या, पण आकडा बरोबर आला. मग काकांनी माझ्याकडून वॉर्मअप करून घेतला, पाठ कशी ठेवायची ते सांगितलं, गुडघ्याबद्दल विचारलं. मॅडम लिहीत होत्या आणि त्यांचा चेहरा सैल होत चालला होता. मग बेंच. ठरलं असं होतं, की शेवटच्या वेळी मी दम संपल्याचं दाखवायचं आणि काकांनी बार धरून स्टँडवर ठेवायचा.

मी बार वर नेला, खाली आणला. दर वेळी काकांचे हात त्याच्याखाली होते. मला उलटे दिसत होते, बोटं किंचित वाकलेली, तयार. शेवटचा नग आला. मी दम सोडला, बार खाली यायला लागला. त्याच क्षणी हॉलच्या दुसऱ्या टोकाला कोणाच्या तरी हातून वजनाच्या चकत्या निसटल्या आणि लोखंडावर लोखंड आदळलं.

"हात बाहेर!"

बार माझ्या छातीवर आला. फार वजन नव्हतं, पण श्वास अडकला. मला वर फक्त छत दिसत होतं आणि काकांचे दोन तळवे, उघडे, खांद्यांच्या वर. निकम सरांनी उडी मारून बार उचलला. मला काही झालं नव्हतं, पुढे आठवडाभर एक निळा वण होता इतकंच.

काकांचे हात हळूहळू खाली आले. ते बेंचाला वळसा घालून माझ्यासमोर आले, गुडघ्यावर बसले आणि म्हणाले, "पोलीस, बोटं हालव."

"काका, छातीवर पडलं..."

"बोटं हालव."

मी दोन्ही हातांची बोटं हलवली. त्यांनी एकेक करून पाहिली. मग उठले, खिशातलं फडकं काढून बार पुसला, स्टँडवर नीट मध्यावर आहे का ते पाहिलं आणि मॅडमकडे वळले. "मॅडम, रिजेक्ट बरोबर हाय," ते म्हणाले. मॅडमनी अजून काहीच सांगितलं नव्हतं.

मॅडम चांगल्या होत्या. पुढच्या बॅचबरोबर नुसतं प्रॅक्टिकल पुन्हा देता येईल, थिअरी तुमची सगळ्यांत चांगली आहे, असं त्या दोनदा म्हणाल्या. काका नमस्कार करून खाली उतरले. मी मागोमाग गेलो. टपरीवर त्यांनी नेहमीसारखा ग्लास मुठीत धरला.

"पुढच्या वेळी जमेल काका," मी म्हणालो. म्हणायला पाहिजे म्हणून म्हणालो.

"जमंल," ते म्हणाले. "घरी जमतं, सरांपुढं जमतं. पन एखाद दिवशी कुठंतरी आवाज होईल. डोकं शिकवलं तर शिकतं, पोलीस. हातांना कोण सांगनार? आन खाली मानूस असतो." त्यांनी चहा संपवला. "ह्या मालाला रिवर्क नाय."

मला वाईट वाटायला हवं होतं. मी वाट पाहिली, पण काही वाटलं नाही. मी पास झालो होतो, त्याचंही काही वाटलं नाही. रस्त्यावरून त्र्यंबकला जाणाऱ्या गाड्या चालल्या होत्या. काका "जयभीम पोलीस" म्हणून कॉलनीच्या दिशेने निघाले, सेफ्टी शूज घासत. मी हात वर केला आणि खोलीवर जाऊन झोपलो.

मग मला गंगापूर रोडच्या एका जिममध्ये नोकरी लागली. पोटं कमी करायला येणारी माणसं, त्यांचे मोबाईल, मोठ्या आवाजातली गाणी. मी मोजतो, ते उचलतात. मी चांगला ट्रेनर आहे असं लोक म्हणतात. काकांना फोन करायचं एक-दोनदा मनात आलं आणि तसंच राहून गेलं.

मध्ये वर्ष-दीड वर्ष गेलं. पाथर्डी फाट्याकडच्या एका सोसायटीत नवीन क्लायंट मिळाला, त्याला घरी जाऊन व्यायाम शिकवायचा होता. सकाळी शाळेच्या व्हॅनच्या वेळेला मी गेटाशी पोचलो. रुळावरून सरकणारं जडशीळ लोखंडी गेट, आत दप्तरं घेतलेली पोरं गजांना लोंबकळत उभी, दुधाची पिशवी घेतलेली एक बाई, काठीवाले एक आजोबा. केबिनपाशी प्लास्टिकची खुर्ची होती. खुर्चीवर पाण्याची बाटली, डबा आणि घडी घातलेलं फडकं. तिच्या शेजारी निळ्या गणवेशात, एक माप मोठा शर्ट पँटीत खोचून, साळवेकाका उभे होते.

त्यांनी गेटाला हात लावला आणि ओरडले, "हात बाहेर!"

सगळ्या पोरांनी पटकन गज सोडून दोन्ही हात डोक्यावर केले. रोजचं असावं, कारण कोणी हसलं नाही. दुधाच्या बाईने पिशवीसकट हात वर केला. आजोबांनी काठी वर केली. काकांनी एकेकाकडे नजर फिरवली आणि मगच गेट ढकललं.

मी बाहेर गाडीवर होतो. गाडी न्यूट्रलवर होती म्हणून बरं, कारण माझेही दोन्ही हात हँडल सोडून वर गेले होते. मी ते नेले नव्हते. पोरं व्हॅनमध्ये चढली, व्हॅन गेली, काकांनी गेट परत ओढायला घेतलं आणि तेव्हा त्यांना मी दिसलो. तसाच, हात वर.

"काय पोलीस," ते सगळ्या सोसायटीला ऐकू जाईल असं म्हणाले, "ड्युटीवर का?"

इतक्या वर्षांत कधी आले नव्हते तसे डोळे भरून आले आणि गालावरून पाणी खाली यायला लागलं. ते पुसायचं तर हात खाली घ्यावा लागला असता, आणि गेट अजून हलत होतं.